दाताला निडवा नाही : खेळणाऱ्या मुलामुलींसाठी माउथगार्ड कसे निवडावे



या पानावर आम्ही नेहमी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची बुडखे छाटणी असल्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा आडवाटेचा आहे. पण गटागटातून फिरताना एक गोष्ट आम्हाला वरचेवर दिसते, ती आता लिहिलीच पाहिजे असे वाटले. कबड्डीच्या संघात खेळणाऱ्या, तालमीत जाणाऱ्या पोरांपैकी कुणाचा पुढचा दात अर्धा तुटलेला असतो, कुणाचा साफ गेलेला असतो. विचारले की उत्तर ठरलेले, "काही नाही साहेब, मॅचमध्ये लागलं." गुडघ्याला नी-कॅप घेतलेली असते, बूटही चांगले घेतलेले असतात, तोंड मात्र उघडेच. तेव्हा दातांवर बसवायचे कवच, म्हणजे माउथगार्ड, कशासाठी असते, त्याचे प्रकार कोणते, आणि आपल्या मुलाला किंवा मुलीला कोणते घ्यावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

दातांची पिके दोनच

माणसाला दातांची पिके दोनच येतात. दुधाचे दात ही लागण. साधारण सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात आणि त्या जागी कायमचे दात येतात, हा खोडवा. त्यानंतर निडवा नाही. वरचे पुढचे दोन मोठे दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. माराच्या तोंडी सर्वांत आधी तेच येतात, आणि तेच माणसाला मरेपर्यंत पुरवायचे असतात.

दात गेला तर नवा बसवता येतो, असे पुष्कळजण म्हणतात. येतो, पण केव्हा? जबड्याच्या हाडात खुंटी बसवून पक्का कृत्रिम दात लावायचा, तर जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. तेरा वर्षांच्या पोराचा दात गेला तर पुढची पाच-सहा वर्षे त्याला काढघाल करायच्या दातावर किंवा दुसऱ्या तात्पुरत्या सोयीवर काढावी लागतात. दात नुसता हलला किंवा टवका उडाला तरी काम तिथेच संपत नाही. आतली नस मरते, काही महिन्यांनी दात काळपट दिसू लागतो, मग नसेचा इलाज आणि वर टोपी. यातला कोणताही एक इलाज माउथगार्डच्या किमतीच्या कित्येक पट खर्चाचा असतो. शिवाय दवाखान्याच्या खेपा, बुडालेली शाळा आणि हसताना तोंडावर हात धरायची सवय, हा हिशेब वेगळाच.

मार कुठे बसतो

कबड्डीत घोटा धरायला वाकलेल्या पोराचे तोंड चढाई करणाऱ्याच्या गुडघ्याच्या आणि टाचेच्या उंचीला येते. चारपाचजण एकदम पकडीला धावले की डोक्याला डोके आणि कोपराला तोंड लागते. कुस्तीत झटापटीत समोरच्याचे डोके खालून हनुवटीवर आदळते आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटतात. अशा वेळी पुढचा दात शाबूत राहिला तरी दाढेचा कंगोरा उडतो किंवा जीभ चावली जाते. हॉकीत काठी आणि चेंडू दोन्हींची भीती. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो यांत तर तोंडावरच मार बसतो. क्रिकेटमध्ये सीझन बॉलने खेळायचे असेल तर जाळीचे हेल्मेट आधी घ्यावे, माउथगार्डचा विचार त्यानंतर.

माउथगार्ड काय करते, काय करत नाही

ही वस्तू नवी नाही. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चा नावाच्या चिकाच्या पट्ट्या बसवून पाहिल्या. तिथून तिची सुरुवात धरतात. अमेरिकेत शाळांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये १९६२ पासून माउथगार्डची सक्ती झाली. आज बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कराटेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते घातल्याशिवाय उतरता येत नाही, आणि हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मैदानातल्या खेळाडूंनी तोंडाचे संरक्षण वापरावे अशी शिफारस आहे.

त्याचे काम तीन प्रकारचे आहे. एक, माराचा जोर एकाच दातावर न येता तो बऱ्याच दातांवर वाटला जातो आणि काही जोर मऊ रबरासारख्या थरातच जिरतो. दोन, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये गादी राहते, त्यामुळे दात दातावर आपटत नाहीत. तीन, ओठ, गाल आणि जीभ दातांच्या धारेपासून दूर राहतात. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात माउथगार्ड न वापरणाऱ्यांना तोंडाच्या दुखापतीचा धोका वापरणाऱ्यांच्या १.६ ते १.९ पट आढळला. म्हणजे माउथगार्ड घातले की दात तुटणारच नाही असे नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो.

आता ते काय करत नाही, तेही सांगितले पाहिजे. डोक्याला बसलेल्या माराने मेंदूला हिसका बसतो, तो माउथगार्डने टळतो असा भरवसा धरू नये. पोराच्या डोक्याला लागले, गरगरले, उलटी झाली, बोलणे अडखळले, तर माउथगार्ड होते म्हणून पुन्हा खेळायला पाठवू नका. त्याला बाहेर बसवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रकार तीन

पहिला प्रकार तयार मालाचा. दुकानातून आणायचे, पिशवी फाडायची आणि तोंडात घालायचे. सर्वांत स्वस्त हेच. पण ते कुणाच्याच दातांच्या मापाचे नसते, म्हणून दात आवळून धरून ठेवावे लागते. तोंड उघडले की निसटते. बोलता येत नाही, श्वासही अडतो. पोरगे दोन दिवस घालते आणि तिसऱ्या दिवशी खिशात ठेवते. आमच्या मते हा प्रकार घेऊ नये.

दुसरा प्रकार उकळत्या पाण्यात मऊ करून बसवायचा. पाण्यात घातले की तो मऊ पडतो, मग दातांवर दाबून त्यावर दातांचा ठसा घ्यायचा. क्रीडासाहित्याच्या दुकानात हा बहुधा काही शे रुपयांत मिळतो. नीट बसवला तर गावातल्या सामान्य खेळाडूला पुरेसा होतो. नीट बसवणे हीच यातली गोम आहे, त्याची रीत पुढे दिली आहे.

तिसरा प्रकार दंतवैद्याकडे करून घ्यायचा. ते दातांचे माप घेतात, प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा पत्रा तापवून बसवतात. हा तोंडात सर्वांत चांगला बसतो, बोलायला आणि श्वासाला सर्वांत कमी अडतो, आणि जाडी हवी तिथे हवी तेवढी ठेवता येते. खर्च मात्र जास्त. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्या, बॉक्सिंग किंवा हॉकी नेमाने खेळणाऱ्या आणि दातांना तारा लावलेल्या मुलांसाठी तो करावा. कराड, सांगली, पुणे अशा शहरांत दंत महाविद्यालये आहेत, तिथेही चौकशी करावी.

थोडक्यात, बेणे निवडताना आपण नुसता दर बघत नाही, उगवण बघतो, तसेच हे आहे. स्वस्तातले पण खिशात राहणारे गार्ड शेवटी महागच पडते.

निवडीच्या पाच कसोट्या

कोणताही प्रकार घेतला तरी पोराच्या तोंडात बसवून पुढील पाच गोष्टी तपासाव्यात.

१) तोंड मोठे उघडायला लावा. माउथगार्ड वरच्या दातांना धरून राहिले पाहिजे. खाली पडले, किंवा जिभेने सहज निघाले, तर ते सैल आहे.

२) "कबड्डी, कबड्डी" असा दम धरायला लावा. चढाईची वेळ ३० सेकंदांची असते. तेवढा वेळ शब्द पंचांना स्पष्ट ऐकू गेला पाहिजे. आपल्या खेळापुरती ही सर्वांत मोठी कसोटी. ज्यात दम धरता येत नाही ते गार्ड कबड्डीपटूच्या कामाचे नाही, मग ते कितीही भारी असो.

३) मैदानाला दोन फेऱ्या पळायला लावा. तोंडाने श्वास घेता आला पाहिजे, आणि उमासे येता कामा नये. उमासा येत असेल तर गार्ड मागच्या बाजूला जास्त लांब आहे.

४) आरशात बघा. पुढच्या सगळ्या दातांवर आणि मागे निदान पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत ते पोचले पाहिजे. हिरडीचाही थोडा भाग झाकला पाहिजे, पण कड हिरडीत रुतू नये. वरच्या ओठाला आतून मध्यभागी जी शीर असते, तिथे गार्डला खाच असावी.

५) जाडी बघा. दातांच्या पुढच्या अंगाला साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे फूटपट्टीवरच्या तीन बारीक रेघांएवढी, आणि चावण्याच्या जागी २ ते ३ मिलिमीटर जाडी हवी. दात मिटल्यावर डावी-उजवी बाजू एकाच वेळी टेकली पाहिजे. एकच बाजू टेकत असेल तर जबडा दुखतो.

माउथगार्ड नेहमी वरच्या दातांवर घालतात. ज्याचा खालचा जबडा पुढे आहे त्याला ते कधी खालच्या दातांवर करावे लागते, पण हे दंतवैद्यांनी ठरवायचे.

उकळून बसवायची रीत

हे काम घरी होते, पण मोठ्या माणसाने करावे. बेण्याला उष्ण प्रक्रिया देताना ताप कमी पडला तर रोग राहतो आणि जास्त झाला तर डोळा मरतो, हे आपण जाणता. इथेही तसेच. पाण्यात कमी ठेवले तर ठसा उठत नाही, जास्त ठेवले तर गार्डचा आकारच जातो. म्हणून पाकिटावर जेवढे सेकंद लिहिले असतील तेवढेच, घड्याळ लावून.

आधी गार्ड कोरडेच तोंडात घालून बघा. मागे फार लांब असेल तर कात्रीने थोडे थोडे कापा. पोराने दात घासून घ्यावेत. पातेल्यात पाणी उकळा, पातेले खाली उतरवा, आणि झाऱ्यावर किंवा चिमट्यात धरून गार्ड पाण्यात सोडा. वेळ झाली की काढा, पाणी निथळू द्या, आणि क्षणभर गार पाण्यात बुडवा म्हणजे तोंड भाजणार नाही. आरशासमोर वरच्या दातांवर मध्य जुळवून बसवा. मग हळू चावायला सांगा. पुष्कळ पोरे इथे चुकतात. कडकडून चावतात, त्यामुळे खालचा थर पातळ होतो आणि गादीच राहत नाही. चावणे बेताचेच ठेवून ओठांवरून आणि गालांवरून बोटांनी आत दाबा, जीभ टाळूकडे दाबायला सांगा, आणि आतली हवा चोखून घ्यायला लावा. अर्ध्या-एक मिनिटाने काढून गार पाण्यात टाका. मग वरच्या पाचही कसोट्या लावा. ठसा बिघडला तर पाकिटावर सांगितले असेल त्याप्रमाणे पुन्हा एकदा करता येते. परत परत उकळू नये.

वाढत्या मुलांचे काय

सहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे दात पडत आणि येत असतात. आज बसलेले गार्ड सहा महिन्यांनी बसत नाही. म्हणून या वयात महागडे करून घेण्याआधी दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. बहुतेकांना उकळून बसवायचे घेऊन दर हंगामाला बदलणे परवडते. "थोडं मोठंच घ्या, दोन वर्षं चालेल" हा हिशेब चपलेला चालतो, इथे चालत नाही.

दातांना तारा असतील तर साधे उकळायचे गार्ड वापरू नये. मऊ झालेले प्लास्टिक तारेत अडकते. तारा बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून तशा मुलांसाठीचे घ्यावे. काढघाल करायचा दात किंवा तशीच सुटी प्लेट असेल तर ती काढून ठेवूनच खेळावे. ती तुटून घशात जाण्याची भीती असते.

निगा

खेळ संपला की गार्ड गार पाण्याने धुवावे आणि साबण लावून मऊ ब्रशने घासावे. गरम पाणी नको, आकार जातो. भोके असलेल्या कडक डबीत ठेवावे. उन्हात, मोटरसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. खेळताना चघळू नये. एकाचे गार्ड दुसऱ्याने वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. महिन्यातून एकदा बघावे. फाटले, पातळ झाले किंवा सैल झाले तर बदलावे.

आणखी एक गोष्ट, आणि ती साखर कारखान्याच्या पानावर लिहिताना थोडे हसू येते. गार्ड तोंडात असताना रस, सरबत, गोड पेये पिऊ नयेत. साखर गार्डखाली दातांना चिकटून राहते आणि दात किडतात. साखर आपली असली तरी तिथे तिचे काम नाही. मध्यंतरात साधे पाणी प्यावे.

दात निखळलाच तर

एवढे करूनही कधी दात मुळासकट बाहेर येतो. पुढची माहिती घरातल्या बायामाणसांनी, शिक्षकांनी आणि संघाच्या प्रशिक्षकांनी ध्यानात ठेवावी. पहिल्या तासातच सगळे ठरते, आणि जितके लवकर तितके चांगले.

दात शोधा. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा. दोन्ही नसेल तर स्वच्छ पाण्याखाली क्षणभर धरा. घासू नका, कापडाने पुसू नका. कायमचा दात असेल आणि पोरगे शुद्धीवर असेल तर तो जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या, आणि दंतवैद्य गाठा. बसवता आला नाही तर दात गार दुधात टाकून सोबत न्या. पाण्यात ठेवू नका, रुमालात गुंडाळून कोरडा नेऊ नका. आपल्या गावांत घरोघरी दूध असते, तेव्हा सामन्याच्या दिवशी मैदानावर झाकणाच्या स्वच्छ डब्यात थोडे दूध ठेवायला कोणतीच अडचण नाही. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवू नका. खाली येणाऱ्या कायमच्या दाताला त्याने इजा होते. तुटलेला तुकडा सापडला तर तोही दुधात घालून न्यावा, कधी कधी तो चिकटवता येतो.

"आमच्या वेळी कुठं होतं हे?"

हा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून येणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. आपल्या वेळी बेणेप्रक्रियाही नव्हती. काणी आणि गवताळ वाढ आली की नशीब म्हणून सोडून देत होतो. आज प्रक्रिया केल्याशिवाय बेणे जमिनीत घालत नाही. कळले तेव्हा सुधारले, एवढेच. शिवाय आता पोरे मॅटवर खेळतात, २०१४ पासून प्रो कबड्डी बघून त्या वेगाने झेपा घेतात, आणि मुलींचे संघही तितक्याच ईर्ष्येने उतरतात. मुलगी खेळते तर तिच्या दाताची काळजी मुलाइतकीच घ्यावी. दात जाईल म्हणून तिचा खेळ बंद करणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरा प्रश्न पोरे विचारतात, पंच चालू देतील का? कबड्डीत नखे कापलेली असावी लागतात, अंगाला तेल चालत नाही, दुसऱ्याला लागेल अशी वस्तू चालत नाही. म्हणून मऊ माउथगार्डबद्दल सामन्याच्या आधीच पंचांना दाखवून विचारून घ्यावे. ऐन चढाईच्या वेळी वाद नको. आणि सवय सरावातच लावावी. पहिले चार-पाच दिवस तोंडात लाळ सुटते, बोलणे बोबडे होते. आठवडाभरात तोंड सरावते. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घातलेले गार्ड पाच मिनिटांत बाहेर येते.

तरुण मंडळांना आमची एक सूचना आहे. स्पर्धेच्या ढालीवर आणि शामियान्यावर जो खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढून संघातल्या पोरापोरींना गार्ड घेऊन द्यावीत. एखाद्या दंतवैद्यांना गावात बोलावून सर्वांचे दात एका दिवसात तपासून घ्यावेत. किडलेला दात आधीच कमजोर असतो, त्याचा इलाज गार्डच्या आधी व्हायला हवा.

आमच्या खात्याचे काम उसाचे आहे आणि पुढच्या अंकात आम्ही खोडवा व्यवस्थापनाकडे वळूच. तोवर सभासदांनी खेळणाऱ्या मुलामुलींना जवळ बोलावून त्यांचे दात एकदा नीट बघून घ्यावेत, शाळेच्या स्पर्धा आणि जत्रेचे सामने सुरू होण्याआधी गार्ड बसवून घ्यावे, आणि दात निखळल्यावर काय करायचे तो भाग कापून घरात लावून ठेवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी